छोटे प्रोग्राम वाजवता? मग या चुका टाळा

नागपुरातली पोरं सहा महिने गच्चीवर गाणी बसवतात, इन्स्टाग्रामवर बँडचं पान काढतात, फोटो काढायला फुटाळा तलावावर जातात आणि पहिल्या प्रोग्रामला जॅकची वायर विसरून येतात. सोळा वर्षांपासून मी कीबोर्ड वाजवतो. लग्नाचे लॉन, गणपतीचे मांडव, शाळेची गॅदरिंग, धरमपेठेतले कॅफे, सगळीकडे. गाणं चुकल्यामुळे वाया गेलेले प्रोग्राम दोनच आठवतात. बाकीचे वाया गेले ते पहिला सूर लागायच्या आधीच. दर सीझनला तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

अर्थिंगची पिन तोडणारे

अ‍ॅम्प चालू केला की मागून एकसारखा ‘घूंऽऽ’ येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या (सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) आसपास. गाणं तिला चिकटलेल्या काळी चारमध्ये असलं की ही गुणगुण डोकं उठवते. बहुतेक वेळा कारण एकच असतं. स्टेजवरचा अ‍ॅम्प बिछायतवाल्याच्या बोर्डावर आणि साउंडवाल्याचा मिक्सर हॉलच्या बोर्डावर. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, आणि सिग्नलची वायर दोघांना जोडते.

यावर पोरांचा शॉर्टकट म्हणजे थ्री-पिनची जाड पिन लागूच द्यायची नाही. कोणी टू-पिनचा जुगाड लावतो, कोणी सरळ पकडीनं पिन मोडतो. घूं बंद होतो, हीच तर भानगड आहे. बंद झाला नसता तर कोणी हे केलंच नसतं.

उमरेड रोडवरच्या एका लॉनवर, मे महिन्यातलं लग्न. आमचा तेव्हाचा गिटारवाला एकवीस वर्षांचा, हाताला गोड, पण धीर म्हणून नाही. मी साउंडवाल्याशी बोलून राहिलो तोवर यानं पिन काढली. “झालं नं दादा, आवाज बंद! तुम्ही उगाच टेन्शन घेता.” तिसऱ्या गाण्यात कोरस द्यायला तो माईकजवळ गेला. डावा हात तारांवर, ओठ माईकच्या जाळीला. चट्ट असा आवाज झाला, माईक खाली, आणि हा गिटारसकट मागे बसला. नवरदेवाच्या मामाला वाटलं ही स्टेपच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

झालं असं होतं की अर्थिंग नसलेल्या अ‍ॅम्पच्या पेटीत करंट उतरला होता. पेटीतून तो गिटारच्या तारांत आला. माईक मिक्सरमार्फत नीट अर्थ झालेला. मध्ये जोडणारी तार म्हणजे आमचा पोरगा. ओठाला फोड आला, एवढ्यावर निभावलं.

तेव्हापासून वीस मीटरचा जाड वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड माझा स्वतःचा असतो. मिक्सरला जिथून लाइट, तिथूनच आम्हा सगळ्यांना. तरी गुणगुण राहिली तर डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडायची छोटी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण. ते सिग्नलच्या वायरीतली जोडणी तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. आणि खिशात साधा टेस्टर. गाणं सुरू करायच्या आधी गिटारच्या धातूच्या भागाला आणि माईकच्या जाळीला तो लावून बघायचा. पेटला तर प्रोग्राम सुरू नाही. एकदा यजमान म्हणाले, “अहो, नवरानवरी स्टेजवर येऊन राहिले!” मी म्हटलं, येऊ द्या.

कूलरच्या तोंडी तबला

हे दुखणं खास आपल्याकडचं. पारा पंचेचाळीसच्या वर, रात्री आठलाही जमिनीतून वाफा, आणि लॉनवर चारी बाजूंनी जम्बो कूलर. बिछायतवाला प्रेमानं म्हणतो, “कलाकारांसाठी हा वेगळा ठेवला भाऊ.” तिथे घात होतो.

तबल्याची पुडी कातड्याची. कोरड्या गरम हवेत ती ताणते आणि स्वर चढतो. गिटारची तार धातूची, ती उन्हाळ्यात सैलावते आणि उतरते. म्हणजे मे महिन्यात दोघं तसेही एकमेकांपासून दूर पळत असतात. त्यात तबल्यावर कूलरची ओलसर हवा आली की पुडी ढिली पडते, अन् चढलेला तबला भसाभस खाली येतो.

कामठी रोडच्या एका रिसेप्शनला आमच्या मास्तरांनी दुपारी तबला काळी दोनला मिळवून आणला होता. दुसऱ्या गाण्यापर्यंत तो इतका उतरला की गायिका वळून माझ्याकडे बघायला लागली. मास्तर दर अंतऱ्याच्या आधी गट्टे ठोकत होते. चौथ्या गाण्यात त्यांनी हातोडी खाली ठेवली, चालू गाण्यात उठले आणि दोन्ही हातांनी कूलरचं तोंड फिरवलं. फिरवलं ते नेमकं वरमाईच्या सोफ्याकडे. केसांची फुलं, पदर, सगळं उडालं. आमचं पाकीट तीन आठवड्यांनी मिळालं, तेही फोन करकरून.

म्हणून निदान तासभर आधी पोचा. वाद्यं खोळीतून काढून त्याच हवेत ठेवा, मग मिळवा. घरून मिळवून आणलेल्या वाद्याला काही अर्थ नाही. कूलर प्रेक्षकांकडे लावायला आधीच सांगा, जोडीला दुसरा तबला ठेवा. डिसेंबरच्या रात्री उघड्यावर याच्या उलटं होतं, गिटार चढते. “क्लिप ट्यूनर आहे नं दादा” म्हणणारे पुष्कळ भेटतात, म्हणजे गिटारला चिमट्यासारखा लावून सूर दाखवणारा. तो ट्यूनर तुम्ही पहिल्या गाण्यानंतर परत बघता का, एवढंच सांगा.

ट्रान्सपोजचं बटण

हे बटण दाबलं की बोटं तीच ठेवून कीबोर्डची पट्टी बदलते. ही चूक माझी स्वतःची. गायकाला काळी एक हवी होती, मी बटण एकनं वर केलं आणि पांढरी एकची बोटं ठेवून निवांत वाजवलं. पुढचं गाणं पांढरी एकचं. बटण तसंच राहिलं. गिटारवाला बरोबर, बासवाला बरोबर, फक्त मी अर्धा सूर वर, आणि सुरुवातीचा तुकडा माझ्या एकट्याचा! माझे गुरुजी म्हणायचे, बटणाला हात लावतो तो वादक नाही. मी लावतो, लाज वाटत नाही. पण आता कीबोर्डवर पांढऱ्या टेपवर ‘शून्य?’ असं लिहून चिकटवलंय, आणि गाण्यांच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहिलेली असते.

बाकीचं भराभर

माईक शिट्टी मारतो तेव्हा गायक हातानं जाळी झाकतो. त्यानं शिट्टी वाढते. एसएम५८सारखा माईक पाठीमागचा आवाज कमी घेतो, तो गुण जाळी झाकली की जातो. मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर, माईकच्या बरोबर पाठीशी ठेवा आणि हात दांड्यावर.

रात्री दहा म्हणजे दहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. तुमच्या मित्राच्या भावाचं लग्न त्यात येत नाही. वरात साडेनऊला पोचली तर बावीसपैकी सहा गाणी होतील, तेव्हा चांगली सहा वर ठेवा. शेवटी धमाका करू म्हणून राखून ठेवलेलं गाणं मी पोलीस उभे असताना वायरी गुंडाळत मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलंय.

नागपुरात राहून भीमगीतं बसवलेली नाहीत? मग १४ एप्रिलच्या आठवड्यात घरी बसा, आणि काम मिळत नाही म्हणून रडू नका.

अर्धे पैसे आधी. ओळखीतला प्रोग्राम असेल तर नक्की आधी. कॅफेवाला म्हणाला, “पैसे नाही, पण तुमचं नाव होईल,” तर चहा प्या आणि या. सामान नेणाऱ्या छोट्या हत्तीचं (टेम्पोचं) भाडं नावावर भरता येत नाही.

मायनस ट्रॅकवर, म्हणजे गायकाचा आवाज काढलेल्या तयार रेकॉर्डिंगवर, गाणाऱ्यांवर मी काही बोलत नाही. बोललो तर हा लेख संपणार नाही.

जेवण प्रोग्रामच्या आधी. नंतर गेलात तर कॅटरर भांडी आवरत असतो.

आणि वायर कोपरावर गुंडाळू नका. आतून पीळ पडतो, सहा महिन्यांत खरखर सुरू होते, मग तुम्ही जॅकला शिव्या देता. एक वेढा सरळ, एक उलटा, असं करत गोल करायचं. शिकायला दहा मिनिटं लागतात. आमच्या नवीन ऑक्टोपॅडवाल्याला आठ महिने झाले. काल रात्री बघितलं, पठ्ठ्या कोपरावरच गुंडाळून राहिला होता.