इंग्रजी शब्दाला आयएनजी लावताना स्पेलिंग कुठे चुकतं
इथे इंदूरला सकाळी पोहे खाता खाता भाचीकडून स्पेलिंग करून घेते, त्यातलंच सांगते. 'होप'च्या शेवटी ई आहे, आयएनजी लावताना तो ई काढायचा, एच-ओ-पी-आय-एन-जी. पण 'हॉप' म्हणजे उडी मारणं, त्यात एकच स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन, म्हणून पी डबल करायचा, नाहीतर अर्थच बदलतो बघा. मोठ्या शब्दात जोर कुठे येतो ते ऐकायचं, 'बिगिन'चा जोर शेवटी म्हणून बिगिनिंगमध्ये एन दोनदा, 'ओपन'चा सुरुवातीला म्हणून ओपनिंगमध्ये एकदाच. मोठ्याने म्हणा, कानाला लगेच कळतं. 'कॅरी'ला ईडी लावला की वायचा आय होतो, आयएनजीला मात्र वाय तसाच. आणि 'नोटिस'ला एबल लावून 'नोटिसेबल' करताना सीनंतरचा ई काढू नका हं, तो गेला तर सीचा उच्चार 'क' होईल.