गरीब घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे उपचार अडू नयेत म्हणून आधीच काय काय करून ठेवायचं

आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजी आहेत, बँकेतून रिटायर झालेल्या, आणि त्यांच्याकडे वीस वर्षं धुणंभांडी केलेल्या मावशी. दोघींचं वय साधारण सारखंच, दोघींना शुगर. आजींचं रक्त तपासायला दर तीन महिन्यांनी लॅबचा मुलगा घरी येतो, आणि मावशी गोळी अर्धी मोडून घ्यायच्या, का तर महिनाभर पुरावी म्हणून. पायाची जखम चिघळली तेव्हा आमची धावपळ झाली आणि तेव्हा कळलं की योजना आहेत पण मावशींचा एकही कागद दुसऱ्याशी जुळत नाही. त्या धावपळीतून जे शिकले ते लिहितेय, तुमच्या घरी, वस्तीत, पाड्यावर कोणी असेल तर तब्येत बरी असतानाच करून टाका.

आधी आधार कार्ड काढून बघा. जन्मदाखला नसलेल्यांच्या आधारवर बऱ्याचदा १ जानेवारी आणि अंदाजे साल टाकलेलं असतं, आणि पंच्याहत्तरीची बाई कागदावर सहासष्टची निघते. जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, त्यामुळे शाळेचा दाखला वगैरे हातात आल्याशिवाय घाई करू नका. रेशन कार्डावरचं नावही बघा, एकीकडे माहेरचं नाव एकीकडे सासरचं असं असतंच. दुसरं म्हणजे बोटं! आयुष्यभर भांडी घासून, विटा उचलून, भात लावून ठसे झिजतात आणि मशीन घेतच नाही, मग लोक दोनदा चकरा मारून सोडून देतात. चेहऱ्याने किंवा डोळ्याच्या स्कॅनने पण ओळख पटवता येते, केंद्रवाल्याला तसं स्पष्ट सांगा, आणि आधारला मुलाचा बंद पडलेला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर तो आधी बदला.

आधारप्रमाणे ७० पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, पण घरात ७० च्या वरचे दोघं असतील तर ते दोघांत मिळून. आधीपासूनचा आजारही पहिल्या दिवसापासून चालतो. फक्त एक नीट समजून घ्या, हे ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांना नाही. वय ७० च्या खाली असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना बघा, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा माणूस बसतो त्यालाच आधी गाठायचं, बिलिंग काउंटरला नंतर. हेल्पलाइन आयुष्मानसाठी १४५५५ आणि महात्मा फुलेसाठी १५५३८८.

आता जे सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं ते. महाराष्ट्रात धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलतीत. मोठी चकचकीत दिसणारी हॉस्पिटलंही यात असतात, पाटीवर 'धर्मादाय' शब्द शोधा आणि आत गेल्यावर समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवलेला बरा, कारण माणूस आयसीयूत असताना तहसील कचेरीत रांग लावायला कोण जाणार? इमर्जन्सीत अशा रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. खाट नाही म्हणाले तर लेखी मागा, आणि धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार करता येते हेही शांतपणे सांगा. आम्हाला एका ठिकाणी आधी नाहीच म्हणाले होते, लेखी मागितल्यावर मात्र अर्ध्या तासात फॉर्म हातात आला.

रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, संपल्या असतील तर जनऔषधी केंद्रात स्वस्त. आशाताईंना नाव सांगून ठेवा. जिल्हा रुग्णालयात जायचं तर एसटीत ७५ च्या वर तिकीट नाही, ६५ ते ७५ अर्धं, पण तिथेही वय कागदावरचंच धरतात. आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो हे विसरू नका, तपासण्या एकाच दिवशी होतील का ते विचारून मगच निघा, नाहीतर तिसऱ्या फेरीला कोणी येत नाही.

डॉक्टरसमोर आपली माणसं काही बोलत नाहीत हो. मावशींना विचारलं काय त्रास, तर म्हणाल्या 'काही नाही, वय झालं.' म्हणून सोबत आत जा, आणि गोळ्या कोणत्या यापेक्षा गेल्या आठवड्यात किती पोटात गेल्या ते मोजून सांगा. रिकामी पाकिटं सोबत न्या. घरी आल्यावर गोळी कधी घ्यायची ते पाकिटावर पेनाने सूर्य-चंद्र काढून द्या, मावशींना वाचता येत नाही पण हे बरोब्बर कळतं.

सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, एक घरात आणि एक शेजारी, आणि डिस्चार्ज कार्ड तर अजिबात फेकू नका, पुढच्या वेळी तेच सगळ्यात आधी मागतात.