राज्यसभा खासदाराचं काम तपासताय? या चुका टाळा

अधिवेशन संपलं की चार-आठ दिवसांत खासदारांची प्रगतिपुस्तकं झळकायला लागतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, भाषणं इतकी, आणि त्यावरून एक ‘अव्वल’ तर दुसरा ‘नापास’. नव्या वार्ताहरांना आणि कार्यकर्त्यांना संसदेची कागदपत्रं वाचायला शिकवणं हे माझं काम. राज्यसभेच्या बाबतीत त्याच त्या चुका मला दर वेळी दिसतात आणि त्यातल्या बहुतेक अर्ध्या तासाचं वाचन टाळण्यापोटी होतात. ज्या सदस्याने खरोखर अभ्यास केला तो अशा यादीत तळाला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

नाव दिसलं म्हणजे भाषण झालं, असं धरणं

ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

राज्यसभेत सकाळी 11 वाजता शून्य प्रहर असतो. परवानगी मिळालेल्या सदस्याला आपला विषय मांडायला तीन मिनिटं मिळतात. त्याचं बोलणं संपलं की त्या विषयाला पाठिंबा असलेले इतर सदस्य आपली सहमती नोंदवतात आणि कामकाजाच्या अहवालात त्यांची नावं ओळीने छापली जातात. विषय शेतीचा किंवा महिला सुरक्षेचा असेल तर ही यादी लांबच लांब होते. सहमती नोंदवणं यात गैर काहीच नाही, ती सभागृहाची चांगली पद्धत आहे. पण सहमती नोंदवणारा सदस्य त्या विषयावर बोललेला नसतो.

एका जिल्हा दैनिकातल्या तरुण वार्ताहराने अहवालांच्या फायली उतरवून घेतल्या, आपल्या भागातल्या एका सदस्याचं नाव शोधखिडकीत टाकलं आणि जो आकडा आला तो ‘भाषणं’ म्हणून छापला. सभागृहातला सर्वांत बोलका खासदार, असा मथळा. चारच दिवसांत विरोधी गटाचे कार्यकर्ते अहवालाची पानं छापून संपादकांच्या टेबलावर घेऊन आले. संपादकांनी मला बोलावलं. आम्ही दोघं ती पानं एकेक करून पाहत बसलो. बहुसंख्य ठिकाणी नाव होतं ते सहमतीच्या यादीत. बरेच उल्लेख तर त्याहून वेगळे निघाले. हे सदस्य उपाध्यक्षांच्या तालिकेवर होते. सभापती आणि उपसभापती आसनावर नसताना तालिकेवरचे सदस्य कामकाज चालवतात, आणि ‘कृपया बसून घ्या’, ‘आता पुढचे वक्ते’ अशा प्रत्येक वाक्याआधी त्यांचं नाव छापलं जातं. तेही सगळं भाषणांत मोजलं गेलं होतं.

मला सर्वांत जास्त लागलं ते पुढे. त्याच ढिगात या सदस्याचा कापूस उत्पादकांच्या पीकविम्यावरचा एक ‘विशेष उल्लेख’, म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरचं छोटं लेखी निवेदन, होता. नेमका, तपशीलवार, कोणत्या टप्प्यावर दावा अडतो ते सांगणारा. बातमीत त्याचा शब्दही नव्हता. मथळ्यामुळे दैनिकाला खुलासा छापावा लागला, आणि वाचकांच्या मनात राहिलं ते एवढंच की या खासदाराचं काम म्हणजे फुगवलेला आकडा. जे चांगलं काम झालं होतं, ते या गोंधळात कायमचं गाडलं गेलं.

माझा उपाय अगदी साधा आहे. मी वही आखतो. तारीख, अधिवेशनाचा क्रमांक, कोणत्या संसदीय आयुधाखाली (प्रश्न, शून्य प्रहर, विशेष उल्लेख वगैरे) विषय आला, सदस्य प्रत्यक्ष बोलले की मजकूर पटलावर ठेवला, म्हणजे लेखी सादर केला, की नुसती सहमती दिली, आणि शेवटी त्यांनी नेमकं काय मागितलं ते एका वाक्यात. हे शेवटचं वाक्य लिहिता आलं नाही, तर ती नोंद मी धरत नाही. वेळ लागतो, हे खरं. ज्यांना एवढा वेळ द्यायचा नाही, त्यांनी खासदारांची क्रमवारी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विशेष उल्लेखाचा मजकूर जास्तीत जास्त 250 शब्दांचा असतो आणि बऱ्याचदा तो न वाचता पटलावर ठेवला जातो. त्याची नोंद घ्या, पण ‘सभागृहात आवाज उठवला’ असं लिहू नका.

याची उलट बाजूही आहे. 21 डिसेंबर 2017 रोजी सचिन तेंडुलकर खेळण्याच्या हक्कावर अल्पकालीन चर्चा सुरू करायला उभे राहिले. गोंधळामुळे त्यांना बोलता आलं नाही, आणि नंतर त्यांनी आपलं म्हणणं चित्रफितीतून समाजमाध्यमावर मांडलं. ते ‘राज्यसभेतलं भाषण’ म्हणून उद्धृत करता येणार नाही. पण ‘त्यांनी विषयच मांडला नाही’ असंही म्हणता येणार नाही, कारण कामकाजपत्रिकेवर तो विषय होता. दोन्ही गोष्टी लिहायला दोन वाक्यं लागतात. ती लिहा.

शून्य दिसलं की निष्क्रिय ठरवणं

प्रश्नांच्या रकान्यात रेघ आहे, हजेरीचा रकाना कोरा आहे, म्हणजे माणूस दिल्लीला फिरकलाच नाही? आधी तो मंत्री आहे का ते पाहा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यांना उत्तरं द्यायची असतात. हजेरीपटावर सही करणंही त्यांना लागू नाही. उपसभापती आणि विरोधी पक्षनेते यांनाही सहीचं बंधन नाही. पीयूष गोयल 2024 पर्यंत महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते आणि 2014 पासून केंद्रात मंत्री होते. त्या काळातलं त्यांचं संसदीय काम तपासायचं तर त्यांनी मांडलेली विधेयकं, चर्चांना दिलेली उत्तरं आणि उत्तरावर विचारल्या गेलेल्या पुरवणी प्रश्नांना कसं तोंड दिलं, हे वाचावं लागेल. पीआरएस या दिल्लीतल्या संस्थेच्या खासदारांच्या नोंदी सर्वाधिक वापरल्या जातात, आणि मंत्र्यांची अशी आकडेवारी आपण का देत नाही हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. ती टीप न वाचता तक्ता उचलणाऱ्यांची मला खरोखर चीड येते.

जे मंत्री नाहीत त्यांच्याबाबतीतही हजेरी म्हणजे त्या दिवसाची सही, एवढंच. सही करून सदस्य दिवसभर बसला, की दहा मिनिटांत सभात्याग करून गेला, हे त्यातून कळत नाही. कोणी सलग गैरहजर दिसला तर सभागृहाने त्याला रजा मंजूर केली होती का ते अहवालात शोधा. परवानगीशिवाय 60 दिवस गैरहजर राहणाऱ्याची जागा रिक्त जाहीर करता येते, अशी तरतूद राज्यघटनेच्या कलम 101 मध्ये आहे. त्यामुळे रजेचे अर्ज सभागृहापुढे येतात आणि त्यांची नोंद होते. आजारी माणसाला ‘दांडीबहाद्दर’ म्हणण्याआधी एवढं तरी बघावं.

प्रश्नांची नुसती बेरीज करणं

राज्यसभेत एका दिवसाच्या यादीत 15 तारांकित (सभागृहात तोंडी उत्तरासाठीचे) आणि 160 अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न येतात. कोणाचा प्रश्न यादीत येणार हे सोडतीवर ठरतं, त्यामुळे तारांकित प्रश्न कमी मिळाले हा सदस्याचा दोष नाही. दुपारी 12 ते 1 या प्रश्नकाळात सगळ्या तारांकित प्रश्नांपर्यंत सहसा पोचताच येत नाही. राहिलेल्यांची उत्तरं लेखी पटलावर जातात. म्हणजे ‘तारांकित प्रश्न विचारला’ यावरून सदस्य मंत्र्यांसमोर उभा राहिला असं सिद्ध होत नाही.

खरा कस लागतो पुरवणी प्रश्नात. मंत्र्यांनी गुळगुळीत उत्तर दिल्यावर सदस्याने त्याच उत्तरातली फट पकडून पुढचा प्रश्न केला का? हे पुरवणी प्रश्न छापील प्रश्नयादीत नसतात, कामकाजाच्या अहवालातच शोधावे लागतात. मी कोणत्याही सदस्याचं काम पाहताना सुरुवात तिथून करतो. पन्नास अतारांकित प्रश्नांपेक्षा दोन चांगले पुरवणी प्रश्न मला जास्त सांगतात, कारण अतारांकित प्रश्न कार्यालयातला सहायकही लिहून देऊ शकतो.

प्रश्नाचा नुसता क्रमांक देऊ नका. दर अधिवेशनात क्रमांक नव्याने सुरू होतात. अधिवेशन, तारीख आणि तारांकित की अतारांकित, हे तिन्ही लिहिल्याशिवाय तो क्रमांक कोणाच्याच उपयोगाचा नाही.

लोकसभेची फूटपट्टी लावणं

‘यांनी सहा वर्षांत एकही स्थगन प्रस्ताव दिला नाही.’ राज्यसभेत ते आयुधच नाही. ‘अविश्वास ठरावावर गप्प राहिले.’ तो फक्त लोकसभेत येतो. ‘अंदाज समितीवर एकदाही नाही.’ सरकारी खर्चाचे अंदाज तपासणाऱ्या त्या समितीचे तीसही सदस्य लोकसभेचे असतात. ‘वित्त विधेयकात दुरुस्ती करून घेता आली नाही.’ ते सहसा धन विधेयक असतं, आणि धन विधेयकावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, त्याही 14 दिवसांत, आणि त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. विधानसभेच्या बातम्या करून दिल्लीकडे वळलेले वार्ताहर इथे हमखास अडखळतात.

अर्धवट मुदतीची तुलना पूर्ण मुदतीशी करू नका. पोटनिवडणुकीतून आलेल्या सदस्याला सहा वर्षांतली उरलेलीच मिळतात.

खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी कुठे खर्च झाले, हा महत्त्वाचा पण वेगळा विषय आहे. तो संसदीय कामगिरीत मिसळू नका.

आडनावावरून शोध घेऊ नका. दोन्ही सभागृहांत मिळून पाटील किती असतात ते आठवा.

‘बाजूने मत दिलं’ असं बेधडक लिहिणं

बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि तेव्हा कोणी काय मत दिलं याची व्यक्तिगत नोंद राहत नाही. मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवून मोजणी, झालं तरच नावनिशी यादी मिळते. महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीवर 21 सप्टेंबर 2023 रोजी मतविभाजन झालं, बाजूने 214 आणि विरोधात एकही नाही. तिथे नाव तपासता येतं. 20 सप्टेंबर 2020 रोजी कृषी विधेयकं मात्र आवाजी मतदानाने मंजूर झाली. त्या दिवसाबद्दल एखाद्या सदस्याचं ‘मत’ म्हणून काही छापायचं असेल, तर त्याचं भाषण किंवा दिलेली दुरुस्ती दाखवा. पक्षाच्या भूमिकेवरून तर्क करू नका.

खासगी विधेयकाला वायफळ समजणं

स्वातंत्र्यानंतर मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली अवघी 14 खासगी विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं 1970 मध्ये. म्हणून खासगी विधेयक मांडणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असं मत घाईत बनवलं जातं. द्रमुकचे खासदार तिरुची सिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने 24 एप्रिल 2015 रोजी मंजूर केलं. लोकसभेत ते मंजूर झालं नाही, पण या विषयावर सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि 2019 मध्ये कायदा झाला. तो कायदा पुरेसा आहे का यावर वाद आहे, आणि तो वाद करतानाही सिवांचा मसुदा शेजारी ठेवून वाचता येतो. म्हणून किती खासगी विधेयकं मांडली याऐवजी मसुदा वाचा. चार कलमांचा आहे की पूर्ण विचार केलेला, हे पहिल्या दोन पानांत समजतं.

समितीचं काम आणि आश्वासनं सोडून देणं

विभागांशी संबंधित 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य, त्यातले 10 राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे हे काम कोणत्याच प्रगतिपुस्तकात येत नाही. समितीच्या अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात, त्यात कोण उपस्थित होतं ते मिळतं. मतभेदाची टिप्पणी कोणी जोडली असेल तर तीही तिथेच असते. ती टिप्पणी मी नेहमी आधी वाचतो, कारण सहकाऱ्यांच्या एकमताविरुद्ध लेखी उभं राहायला तयारी लागते.

आश्वासनांचंही तसंच. मंत्र्यांनी उत्तरात ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं म्हटलं की बहुतेक जण तो प्रश्न फुकट गेला असं समजतात. अशा उत्तराची आश्वासन म्हणून नोंद होते, ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. पूर्ततेची विवरणपत्रं नंतर पटलावर येतात, कधी कधी फार उशिरा. माझ्या वहीत यासाठी शेवटचा रकाना राखलेला आहे. दर अधिवेशनात ही विवरणपत्रं आली की मी आधी तो भरतो, आणि सदस्याने त्याच विषयावर पुन्हा प्रश्न दिला असेल तर त्याची तारीख शेजारी लिहून ठेवतो.