जरबेरा लावताना या चुका टाळा
जरबेऱ्याचं रोप मेलं की दोष पाण्याला, उन्हाला, नाहीतर नर्सरीवाल्याला. खरं तर बहुतेक रोपं लावतानाच गाडलेली असतात.

पानं जिथून फुटतात तो क्राऊन मातीच्या १ ते २ सेंमी वर हवा. नवख्यांना असं उघडं, डुगडुगतं रोप बघवत नाही. मग वरून मूठभर माती ओढायची आणि थोपटायची! पहिले काही दिवस रोप टवटवीत. नंतर माती ओली असूनही दुपारी पानं मान टाकतात. ते पाहून आणखी पाणी घातलं जातं. मधली कोवळी पानं काळवंडतात, आणि एका सकाळी पान जरा ओढलं की अख्खा झुबका हातात येतो. खाली तपकिरी, मऊ पडलेला बुंधा. ही बुरशीची कूज. इथवर आल्यावर फवारणीचा उपयोग नाही. रोप फेका आणि त्या मातीत पुन्हा जरबेरा लावू नका.

रोप हलत असेल तर माती मुळांच्या बाजूने दाबा. पाणी दिल्यावर माती बसते, रोपही खाली जातं. म्हणून मी क्राऊन पूर्ण २ सेंमी वर ठेवतो आणि आठवड्याने चमच्याने आजूबाजूची माती सारून बघतो. पाणी सकाळी, बुडाशी. झारीने डोक्यावर अंघोळ नको.

फूल कात्रीने कापू नका. उरलेला खुंट कुजतो आणि कूज क्राऊनमध्ये उतरते. एका हाताने रोप धरा, दुसऱ्याने दांडा अगदी तळाशी धरून बाजूला वाकवत ओढा; टचकन सुटतो.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या की लोक युरिया टाकतात. त्याने नुसता पाला माजतो. ही लोहाची कमतरता, बहुधा मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ६.५ च्या वर गेल्यामुळे. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह द्या.

फुटवे वेगळे करायची घाई तर विचारूच नका! झुबका दोन-तीन वर्षांचा होऊ द्या. प्रत्येक तुकड्याला स्वतःची मुळं आणि निदान दोन फुटवे हवेत. लावताना बाहेरची जुनी पानं काढून टाका, आणि क्राऊन पुन्हा वरच.