फायब्रोमायल्जिया: उपचार लागू पडतोय का, हे कसं ओळखायचं

फायब्रोमायल्जिया म्हणजे दीर्घकाळ अंगभर दुखणं, सोबत थकवा आणि बिघडलेली झोप. एकाच आठवड्यात नवी गोळी, नवा व्यायाम आणि नवं पथ्य सुरू केलं की बरं वाटलं तरी कशाने, हे कळत नाही. त्रास वाढला तरी तेच. म्हणून एका वेळी एकच बदल करा, आणि त्याआधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवा.

रोज रात्री दुखणं, थकवा आणि झोप यांना 0 ते 10 आकडे द्या (0 म्हणजे त्रास नाही, 10 म्हणजे सर्वांत जास्त त्रास). दिवसभरात जास्तीचं काय केलं ते एका ओळीत लिहा. त्रास पुष्कळदा एक-दोन दिवसांनी उसळतो. सोमवारी कपाटं आवरली म्हणून बुधवारी अंग ठणकलं, हे वहीशिवाय ध्यानात येत नाही. तुलना आठवड्याच्या सरासरीची करा.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 2016 च्या शिफारशींत ठाम शिफारस मिळाली ती फक्त व्यायामाला. तरीही पुष्कळदा व्यायाम सुरुवातीलाच सुटतो, कारण सुरुवात जास्त होते. वाईट दिवशीही जेवढं चालून दुसऱ्या दिवशी त्रास होत नाही, त्याच्या निम्म्याने सुरू करा: दहा मिनिटं जमत असतील तर पाच. आठवडाभर आकडे स्थिर राहिले तरच एक मिनिट वाढवा. चांगल्या दिवशी हुरूप येतो, तेव्हाही ठरलेल्या वेळेलाच थांबा. हे सगळ्यात अवघड, आणि खरी गोम इथेच आहे. त्रास उसळला तर व्यायाम बंद न करता निम्म्यावर आणा.

या आजारात दिल्या जाणाऱ्या औषधांचा डोस डॉक्टरच ठरवतील. अमिट्रिप्टिलिन बहुधा रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरू होतं. सकाळी गुंगी राहत असेल तर गोळी झोपण्याच्या दोन-तीन तास आधी घेता येईल का, ते विचारा. ड्युलोक्सेटिन साधारण 30 वरून 60 मिलिग्रॅमवर नेतात. सुरुवातीची मळमळ जेवणानंतर गोळी घेतल्याने कमी होते आणि बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, तेवढ्यावरून औषध सोडू नका. प्रीगाबालिनने चक्कर येते, पायांवर सूज येते, वजन वाढतं. वजनाचा आकडाही वहीत लिहा. पूर्ण डोसवर चारेक आठवडे गेल्याशिवाय निकाल लावू नका. यातलं कुठलंही औषध एकदम बंद करायचं नाही, डोस हळूहळू उतरवावा लागतो. ट्रामाडोल हे वेदनाशामक चालू असेल तर ड्युलोक्सेटिन सुरू करण्याआधी ते जरूर सांगा. दोन्ही एकत्र धोक्याची ठरू शकतात.

दुखणं पूर्ण जाईल अशी अपेक्षा धरली तर कामाचा उपचारही फुकट वाटतो. दुखण्याची सरासरी 7 वरून 5 वर आली, तर तो उपचार चालू ठेवण्याजोगा आहे.

सांधा सुजला, ताप आला किंवा कारण नसताना वजन घटलं, तर ते या आजाराच्या खात्यात टाकू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा.