तारे टोकदार का येत नाहीत? रात्रीच्या आकाशाचे फोटो काढताना या चुका टाळा

मार्चमधली अमावास्या होती. पहाटेचे तीन वाजलेले. नाशिकजवळ घोटीच्या पुढे कळसूबाईच्या रांगेकडे तोंड करून ट्रायपॉड लावला होता आणि वृश्चिकेच्या शेपटीमागून आकाशगंगा वर आली होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो सुरेख दिसत होते. घरी लॅपटॉपवर उघडले, तर एकूण एक तारा वाटाण्याएवढा. रात्री अकराला फोकस नीट लावला होता, पण नंतर शिखर चौकटीत बसावं म्हणून झूमची कडी जराशी फिरवली आणि फोकस पुन्हा तपासला नाही. रात्रभराची मेहनत तिथेच गेली.

म्हणून कुणी विचारलं, "दादा, लेन्स कोणती घेऊ?" की मी आधी त्यांचा बिघडलेला फोटो मागवतो आणि पूर्ण मोठा करून बघतो. काय चुकलं ते ताऱ्याच्या आकारावरूनच कळतं.

तारा गोल पण फुगलेला असेल, तर फोकस चुकलाय. नवशिक्यांचे निम्म्याहून जास्त फोटो इथेच जातात असं माझं मत आहे. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, आणि लेन्सवरच्या अनंताच्या (∞) खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. फोकस मॅन्युअलवर घ्या. हिवाळ्यात व्याध किंवा दिसत असेल तेव्हा गुरू, असा ठळक ठिपका लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावरच्या थेट दृश्यात आणा, दहापट मोठा करा आणि कडी अगदी हळू फिरवा. ठिपका लहान होत जातो, सर्वांत लहान होतो आणि पुन्हा फुगायला लागतो. तो फुगल्याशिवाय सर्वांत लहान कुठे होता ते कळत नाही, तेव्हा थोडं पुढे जाऊनच मागे या. मग कडीवर कागदी चिकटपट्टी लावा. झूम हलवलं, लेन्स पुसली किंवा गारठा वाढला, की फोकस पुन्हा बघायचाच.

सगळे तारे एकाच दिशेला रेघेसारखे ओढले गेले असतील, तर एक्सपोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, लांबलंय. आकाश तासाला १५ अंश सरकतं. ५०० ला फोकल लेंथने (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याने) भागायचं, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं, हा जुना हिशोब. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १८ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) म्हणजे २७ धरा, उत्तर येतं साधारण १८ सेकंद. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्यातही शेपटी दिसते. मी १२-१३ सेकंदांवर थांबतो, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवतो आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२०० घेतो. थोडे दाणे आले तरी चालतात, ते नंतर कमी करता येतात. ओढला गेलेला तारा पुन्हा गोल होत नाही.

तारे नागमोडी आले, तर ट्रायपॉड हललाय. मधला दांडा खाली घ्या, दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा.

आकाश नारिंगी येतं, त्याला सेटिंगपेक्षा जागा जास्त जबाबदार असते. आकाशगंगेचा दाट भाग आपल्याला दक्षिणेकडे दिसतो. दिंडोरी, वणीकडे गेलात तर नाशिक शहराचा उजेड नेमका त्याच दिशेला येतो. इगतपुरी, भंडारदऱ्याकडे गेलात तर शहर पाठीमागे राहतं. जाण्याआधी नकाशा उघडून एवढं बघाच. त्यासोबत दिनदर्शिकेत तिथी बघा: अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस चांगले. मार्चअखेरीस आकाशगंगेचा हा दाट भाग मध्यरात्रीनंतर उगवतो, मेच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमारास. मग पावसाळा आकाश बंद करतो. ऑक्टोबरात अंधार पडताच तो नैऋत्येला थोडा वेळ मिळतो.

फोटो काळपट येत असतील, तर पडद्याने फसवलंय. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पडदा फार उजळ वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख, बघा. त्याचा उंचवटा डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा. फोटो रॉमध्येच (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) ठेवा, जेपेगमध्ये सावल्यांतला तपशील परत मिळत नाही.

पहिले वीस फोटो स्वच्छ आणि मग हळूहळू सगळं धुरकट? लेन्सवर दव बसलंय. डिसेंबर-जानेवारीत गंगापूर धरणाच्या काठी हे हमखास होतं. टॉर्च तिरपा धरून काचेकडे बघा, बारीक थेंबांची साय दिसेल. रुमालाने पुसलं की पाच मिनिटांत ती पुन्हा येते आणि पुसताना फोकसही हलतो. काच गार पडू द्यायची नाही. लेन्सच्या तोंडावरचं हुड लावा आणि हात शेकायची गरम पुडी मोज्यात घालून लेन्सभोवती गुंडाळा. निघताना कॅमेरा बॅगेत ठेवून चेन घट्ट लावा आणि घरी पोचल्यावरही तासभर उघडू नका. फोटो बघायची घाई असेल, तर कार्ड आणि बॅटरी तिथे थंडीतच काढून खिशात टाका.