सोसायटीचे फटाके: एक जागा, एक वेळ, एक हिशेब

मुंबईत फटाक्यांची विक्री असावी की नसावी, हा वाद दसऱ्याला सुरू होतो आणि भाऊबीजेला विरतो. आमच्या मते सरसकट बंदीने माल थांबत नाही. तो परवानाधारक दुकानातून हलून हातगाडीवर येतो, आणि मग त्याला ना बिल उरतं, ना कारखान्याचं नाव. विक्री चालू राहावी, पण तिच्यासोबत फटाके उडवायची जागाही नेमून द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात ठरावीक जागी सामूहिक आतषबाजीचा मार्ग सुचवलाच होता. शहर ते करेल तेव्हा करेल, सोसायटीला मात्र यंदाच करता येईल. ते कसं करायचं, ते इथे दिलं आहे.

सभेत काय ठरवायचं

दसरा झाला की आठवडाभरात कमिटीची बैठक घ्या. वसुबारस तोंडावर आल्यावर ठराव केला, तर तोवर निम्म्या घरांनी खरेदी उरकलेली असते आणि कोणी ऐकत नाही.

वेळ रात्री ८ ते १०. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आधी ७ ते १० अशी मुभा दिली होती, ती १० नोव्हेंबरला ८ ते १० वर आणली. दर वर्षी दिवाळीआधी पोलिसांचा आणि पालिकेचा आदेश निघतो. तो वाचून मगच सूचना लावा.

इथे एक नाजूक मुद्दा सभेत हमखास निघतो: नरक चतुर्दशीची पहाट. पहिल्या अंघोळीनंतर फटाके लावायची आपली जुनी सवय आहे, पण ८ ते १० च्या नियमात पहाट बसत नाही. तामिळनाडूला २०१८ मध्ये पहाटेसाठी वेळ बदलून मिळाली, आपल्याला नाही. हे आधीच स्पष्ट सांगा. कारीट फोडा, दारात पणत्या लावा, फटाके संध्याकाळी.

सोसायटीपासून १०० मीटरच्या आत रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय असेल, तर तो पट्टा शांतता क्षेत्रात येतो का हे पाहा. येत असेल तर आवाजाचा एकही फटाका नको. गल्लीतलं छोटं नर्सिंग होम लोक विसरतात.

सूचनेची भाषा साधी ठेवा. फलकावर आणि ग्रुपवर हीच टाका:

«फटाके फक्त ए विंगसमोरच्या मोकळ्या जागेत, रात्री ८ ते १०. बाल्कनी, जिना, पॅसेज, गच्ची, पार्किंग येथे एकही फटाका लावू नये. माळा, बाण आणि आकाशात जाणारे शॉट्स आणू नयेत. १४ वर्षांखालील मुलांसोबत घरातलं मोठं माणूस हवं. त्या जागेतील गाड्या सायंकाळी ७ पर्यंत हलवाव्यात.»

माळांना देशभर बंदी आहे, त्यामुळे त्यावर सभेत चर्चाच नको. बाण आणि शॉट्सचा निर्णय मात्र तुमचा. आमचा आग्रह हाच, की उंच इमारतींच्या आवारात ते नकोतच. शॉट्सच्या डब्यापासून प्रेक्षक २५ मीटर दूर हवेत आणि डोक्यावर आभाळ मोकळं हवं. मुंबईतल्या किती सोसायट्यांकडे एवढी जागा आहे? बाण तर वाऱ्याच्या झोताने वळतो आणि सातव्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो.

जागा निवडताना

सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ इथे द्या. आवाराची एक फेरी दिवसा मारा आणि दुसरी रात्री ८ वाजता, कारण रात्री गाड्या परतलेल्या असतात आणि दिवसा मोकळी दिसलेली जागा नाहीशी झालेली असते.

भिंतीवरून वर चढणारी पाइप गॅसची लाइन आणि तिचे मीटर, विजेची मीटर रूम, सबस्टेशन, जनरेटरची डिझेल टाकी, ई-गाड्यांचे चार्जिंग पॉइंट आणि स्कूटर पार्किंग, या सगळ्यांपासून जागा लांब हवी. पोडियमवर फटाके लावत असाल तर खालच्या पार्किंगच्या हवेच्या जाळ्या कुठे उघडतात ते शोधा. फुलबाजीची ठिणगी जाळीतून थेट गाडीच्या टपावर पडते, धूरही खालीच कोंडतो. गच्ची आम्ही कधीच सुचवत नाही. तिथे डांबरी वॉटरप्रूफिंग असतं, सोलर पॅनेल असतात, टाकीचे प्लॅस्टिक पाइप असतात, आणि काही पेटलं तर पन्नास माणसांना एकाच जिन्यातून खाली पळावं लागतं.

जागेवर झाडाचा पाचोळा, गणपती-नवरात्राच्या मंडपाचं उरलेलं कापड, बॅनर, थर्माकोल काहीही उरू देऊ नका. तळमजल्यावरच्या घरांच्या खिडक्या दोन तास बंद ठेवायला सांगा. अग्निशमन दलाची गाडी आत यायची वाट ७ वाजल्यापासून मोकळी हवी. गेटसमोरची दुहेरी पार्किंग त्या दिवशी वॉचमनने होऊच द्यायची नाही.

पेव्हर ब्लॉकवर भुईचक्र लावू नका. त्याची कड दोन ब्लॉकमधल्या फटीत अडकते, चक्र क्षणभर थांबतं आणि मग उसळून कुठल्याही दिशेला जातं. शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या पायजम्यात शिरलं, की घाबरून पळणाऱ्या मुलाबरोबर तेही आत फिरत राहतं. म्हणून गुळगुळीत शहाबादी किंवा कडप्प्याच्या फरश्या सपाट मांडून साधारण चार फूट बाय चार फुटांचा चौथरा करा. जुना सिमेंटचा पत्रा वापरू नका, तो तापून तडकतो. पाऊस किंवा झाड (अनार) लावायला दुसरी फरशी घ्या, तिच्यावर वाळूचा थर पसरा आणि वाळूत ते अर्धा इंच रोवा, म्हणजे पेटल्यावर कलंडत नाही. चौथऱ्यापासून ८ मीटरवर चुन्याची रेघ आखा. रेघेच्या आत फक्त पेटवणारा. फुलबाज्यांची जागा वेगळी आणि बाजूला, कारण तिथे लहान मुलांची गर्दी होते.

खरेदी: काय पाहायचं, काय टाळायचं

कमिटीने घाऊक माल आणून सभासदांना विकू नये. ती विनापरवाना विक्री ठरते आणि १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. वर्गणी काढा, सोसायटीच्या नावाने बिल घ्या, माल सामायिक वापरा. घरोघरी वेगळी खरेदी होणार असेल, तर निदान काय पाहायचं ते सगळ्यांना सांगा.

स्टॉलवर परवाना दर्शनी लावलेला असतो. नसेल तर मागा. नियमाप्रमाणे तात्पुरते स्टॉल न जळणाऱ्या साहित्याचे असावे लागतात, दोन स्टॉलमध्ये किमान ३ मीटर अंतर लागतं, त्यांची तोंडं समोरासमोर चालत नाहीत आणि जवळ उघडी ज्योत चालत नाही. कापडी मंडपात खेटून उभे स्टॉल आणि वर लोंबकळणारी बल्बची वायर दिसली, तर स्वस्त मिळालं तरी तिथून निघा. हातगाडी, फुटपाथ आणि ऑनलाइन खरेदी पूर्ण टाळा. ऑनलाइन विक्रीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मनाई केली आहे.

पाकिटावर सीएसआयआर-नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेचं हिरवं चिन्ह आणि क्यूआर कोड हवा. चिन्ह छापणं सोपं असतं, म्हणून दुकानातच कोड स्कॅन करा आणि उघडणाऱ्या माहितीतलं कारखान्याचं नाव पाकिटावरच्या नावाशी जुळतं का बघा. नागपूरच्या नीरीने पुढे आणलेले हे हरित फटाके धूलिकण साधारण ३० टक्क्यांनी कमी करतात. म्हणजे ७० टक्के तसेच राहतात. हरित म्हणजे बिनधुराचा, हा समज दुकानदारही पसरवतात. बेरियमच्या क्षारांवर बंदी आहे. घटकांत बेरियम नायट्रेट छापलेलं दिसलं, तर पाकीट परत करा.

आवाजाची मर्यादा फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल अशी आहे. ती मोबाइल ॲपवर मोजायचा खटाटोप करू नका. इतका क्षणिक, मोठा आवाज फोनचा माइक नीट पकडत नाही आणि आकडा कमीच दाखवतो.

नागगोळी अजिबात आणू नका. आवाज नाही, ठिणगी नाही म्हणून ती सर्वांत लहान मुलांच्या हातात दिली जाते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला, त्यात अतिसूक्ष्म कणांत नागगोळी पहिली आली, माळेच्याही वर. आणि मूल तर साप कसा वाढतो ते बघायला तिच्यावर वाकूनच बसलेलं असतं. दम्याची मुलं असलेल्या घरांना हे आवर्जून सांगा.

मशीद बंदर, मोहम्मद अली रोडवरून घाऊक माल घेतला, तर तो लोकलने आणायचा नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि चालत्या, खच्चून भरलेल्या डब्यात पिशवी पेटली तर उतरायला जागा नसते, हे कायद्याहून मोठं कारण आहे. बस आणि मेट्रोही नको. गाडीच्या डिकीत बंद खोक्यात ठेवा, गाडीत कोणी सिगारेट ओढणार नाही, वाटेत पेट्रोल भरायचं नाही.

माल आणल्यावर मीटर रूममध्ये किंवा जिन्याखाली ठेवू नका. सोसायट्यांत खोकी नेमकी तिथेच जातात, आणि जिना हीच सगळ्यांची सुटकेची वाट. कोरड्या, कुलपातल्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा. मुंबईच्या दमट हवेत पाकिटं फोडून ठेवली की दारू ओल धरते आणि वात अर्ध्यात विझते. अशा सर्दलेल्या फटाक्याला गॅसजवळ, इस्त्रीखाली किंवा तव्यावर शेकू नका. तो बादलीत बुडवा आणि विषय संपवा.

त्या संध्याकाळी

नळाचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तेव्हा दुपारीच भरून ठेवा. प्रत्येक जागेजवळ पाण्याच्या दोन बादल्या, वाळूची एक आणि जळक्या तारा टाकायला पाणी भरलेली एक. बागेचा पाइप नळाला जोडून, पाणी येतं का ते तपासून ठेवा. अग्निशामक नळकांडं जवळ असावं, पण ते कपडे, पाचोळा, गाडी पेटली तर. पेटलेल्या फटाक्यावर पावडरीचा उपयोग होत नाही, कारण त्याच्या दारूतच ऑक्सिजन देणारं रसायन असतं आणि हवा तोडून ती विझत नाही. तिथे पाणीच. खोकंच पेटलं तर विझवायला जाऊ नका. माणसं हटवा आणि १०१ लावा. इमारतीची हायड्रंट यंत्रणा चालू आहे का, हे फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) देणाऱ्या एजन्सीकडून दिवाळीआधी तपासून घ्या. कागदावर ठीक आणि वाल्व्ह गंजलेला, असं फार ठिकाणी आढळतं.

पेटवायला दोनच माणसं नेमा, सुती कपडे आणि बूट घातलेली. लांब उदबत्ती हातभर अंतरावर धरा, बाजूला उभे राहा, चेहरा फटाक्याच्या वर आणू नका. फुलबाजीने दुसरा फटाका पेटवायचा नाही, कारण वातीऐवजी थेट दारूला आग लागते. खोकं पेटवायच्या जागेपासून लांब, झाकण लावून ठेवा आणि एकेक नग काढून आणा.

न फुटलेल्या फटाक्याकडे वाकून बघणं, यातूनच डोळे जातात. वीस मिनिटं कोणी जायचं नाही, मग लांबून पाणी ओता आणि फावड्याने उचलून बादलीत टाका. फुलबाजीची तार विझल्यावरही बराच वेळ चटका देते; मुलं ती जमिनीवर टाकतात आणि मागचा अनवाणी पाय तिच्यावर पडतो. तार थेट बादलीत, हा नियम मुलांना पहिल्या फुलबाजीआधी सांगा.

कुत्र्यांना सात वाजायच्या आत फिरवून आणा. आवारातल्या भटक्या कुत्र्यांसाठी मागची बाजू मोकळी ठेवा.

भाजलं तर

लगेच नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं. दोन मिनिटांत मूल शांत झालं म्हणून थांबू नका, कारण कातडीखालची उष्णता अजून आत उतरत असते. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नको. डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं आणि रुग्णाला दुप्पट यातना होतात. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका आणि निघा. चेहरा, हात, सांधा, जांघ भाजली असेल किंवा भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, तर घरी उपचार नकोत. भायखळ्याचं मसिना, चिंचपोकळीचं कस्तुरबा आणि ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर इथे भाजलेल्यांसाठी वेगळे विभाग आहेत. रुग्णवाहिका १०८.

डोळ्याला मार लागला तर चोळू नका, दाबू नका, थेंब घालू नका. कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टीने कपाळ-गालाला लावा, म्हणजे डोळ्यावर दाब येत नाही, आणि नेत्र विभाग असलेल्या रुग्णालयात न्या.

दहानंतर आणि सकाळी

दहा वाजता वॉचमनने शिट्टी द्यायची आणि राहिलेलं खोकं कमिटीने ताब्यात घ्यायचं. त्यानंतर कोणी बाहेर रस्त्यावर उडवत असेल तर ११२ वर कळवा. विनापरवाना हातगाडीची तक्रार पालिकेच्या १९१६ वर किंवा वॉर्ड ऑफिसच्या परवाना विभागात करता येते.

सगळी जागा रात्रीच पाण्याने भिजवा. सकाळी लहान मुलं अर्धे जळलेले फटाके गोळा करतात, त्यातली दारू कागदावर ओतून काडी लावतात, आणि एका झटक्यात भुवया, बोटं भाजतात. म्हणून झाडू मुलांच्या आधी फिरला पाहिजे, सहाच्या आत. कचरा रात्रभर भिजलेलाच गोणीत भरा, ओल्या-सुक्या डब्यात मिसळू नका, कचरागाडीच्या कामगारांना गोणीत काय आहे ते सांगून द्या. हातमोजे आणि बूट सोसायटीने द्यायचे.

उरलेला बंद माल दुकानदार परत घेतो का, हे खरेदीच्या वेळीच ठरवून बिलावर लिहून घ्या. घेत नसेल तर भिजवून नष्ट करा. नववर्षासाठी म्हणून दोन महिने कपाटात ठेवायचा नाही.